पाण्यानं नाही गेली ती

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नांदेडच्या जुन्या वस्तीत वाढले. आमच्या गल्लीत कुणी हळू बोललं तर तब्येत बरी नाही का, असं विचारायचे. पुढं लातूरच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीत, माझी सगळी नोकरी झाली, आणि तिथं तर हळू बोलून भागतच नाही. पेशंट एक, नातेवाईक खोलीभर, आणि सगळे एकदम सांगायला लागतात. हाताखालची पोरं माझ्या माघारी मला काय म्हणायची ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू द्या. पण एका माणसापुढं माझा आवाज खाली आला तो आलाच, आणि त्याचंच सांगायला बसले आहे.

लातूरकडचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला इंटर्न होते. गणपती बोळवून गावं दमून झोपली होती आणि पहाटे ते घडलं. आम्हाला जीपमध्ये कोंबलं आणि निलंग्याच्या अंगाला पाठवून दिलं. सोबत काय घ्यायचं हे कुणी सांगितलं नाही. हाताला लागलं ते घेतलं: कापूस, पट्ट्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, सलाईनच्या थोड्या बाटल्या. वाटेत आम्ही आपसात म्हणत होतो, चार-दोन भिंती पडल्या असतील, दुसरं काय. गाव आलं तेव्हा ड्रायव्हरनं गाडी थांबवून एका म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, गाव कुठं आलं?" म्हातारा त्याच्याकडं नुसता बघत राहिला. आम्ही गावातच उभे होतो.

तिकडची घरं दगडमातीची. भिंती हातभर जाड, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या सऱ्यांवर मातीचं जाड धाबं. उन्हाळ्यात आत कसं गार वाटायचं म्हणून लोक कौतुकानं सांगत. तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. वरून पाऊस लागलेला. शाळेचं पटांगण तेवढं मोकळं होतं, तिथं आमचा तंबू ठोकला. एक मोठे डॉक्टर, आम्ही दोन-तीन इंटर्न आणि चिखल.

तंबूत एक रीत आपोआप पडली होती. जो ओरडतो त्याच्याकडं आधी जायचं. ज्याचं रक्त दिसतं त्याला सलाईन. जो बोलतोय, पाणी मागतोय, पोरं कुठं आहेत विचारतोय, तो बरा. त्याला बाजूला कडुलिंबाखाली बसवायचं. ही रीत अर्धी खरी आहे आणि अर्धी जीवघेणी आहे, हे मला पुढं कळलं. तेव्हा आमच्यातल्या कुणालाच कळत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांनी एका बाईला बाजेवर घालून आणलं. माझ्याच वयाची असेल. मागं निम्मं गाव. दोन दिवस नुसती मढी निघत होती आणि ही जिवंत निघाली होती. माणसं रडत होती आणि हसत होती, एक म्हातारी तर बोटं मोडून तिची दृष्ट काढत होती. बाजेच्या बाजूनं तिचा नवरा चालत होता, खांद्यावर दोन वर्षांची पोर, दुसऱ्या हातात अजून पहार तशीच. ती खाली ठेवायची असते हेच त्याच्या ध्यानात नव्हतं.

त्यानं मला एका दमात सगळं सांगितलं. त्या रात्री गरम होत होतं म्हणून तो पोरीला घेऊन बाहेर अंगणात झोपला होता. बायको आत. भिंतीचा कोपऱ्याचा दगड आणि वरचा सरा तिच्या दोन्ही मांड्यांवर पडला, पण कमरेच्या वर सगळं मोकळं. ती तिथून बोलत होती. मशीन येणार, मशीन येणार असं सगळे म्हणत राहिले आणि मशीन दुसऱ्याच गावाला गेलं. हा तिच्याजवळ बसून राहिला. फटीतून हात घालून तांब्यानं पाणी पाजत राहिला. शेवटी त्याचा धीर सुटला आणि त्यानं पहार घातली.

"चार गड्यांला हलला नव्हता, बाई," तो म्हणाला. "म्या एकट्यानं काढला."

"ओ," बाजेवरून ती म्हणाली, "शौर्य मागनं सांगा. आधी माझी साडी धड करा. समदं गाव बघायलंय."

मला हसू आलं. त्या दोन दिवसांतलं पहिलं हसू.

मी तपासलं. नाडी चांगली. बीपी ठीक. पोट मऊ. पाय तेवढे फुगत चालले होते, मांड्या हाताला टणक लागत होत्या आणि कातडीवर दगडाचे वळ होते. "मुंग्या आल्यात नुसत्या," ती म्हणाली. खाली गोधडीवर कोऱ्या चहाच्या रंगाचा ओला डाग होता. सगळीकडं चिखल, तसाच तोही, असं मला वाटलं. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. हाडं शाबूत दिसतात म्हणाले, ही बरी आहे, लिंबाखाली घ्या. बाटल्या संपत आल्या होत्या आणि आत एकाचा पाय कापायचा होता. त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं.

मी शेजारच्या पोराच्या डोक्याला टाके घालत होते, तेव्हा ती मला विचारत होती. "बाई, तुमचं लगीन झालं का?"

"नाही."

"मग बरं हाय की," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं बघून हसली. त्यानं पोरीला तिच्या कुशीत ठेवलं. तिनं पोरीच्या केसांतली माती बोटांनी काढायला घेतली, एकेक खडा.

मग ती म्हणाली, "छातीत कसंतर व्हायलंय ओ." एवढंच. तिचा हात पोरीच्या केसांत तसाच राहिला.

मी टाका अर्धा सोडून धावले. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, परत छाती दाबली. मोठे डॉक्टर आले, त्यांनीही दाबली. पोर बाजूला बसून आईची बांगडी फिरवत होती. कुणी तिला उचलायचं ते कुणाला सुचेना. रक्ताचा थेंब नाही, जखम नाही, आत्ता मला लग्नाचं विचारणारी बाई, आणि ती गेली. देवा, मी तोवर पुष्कळ मरणं पाहिली होती, पण असं डोळ्यांदेखत निसटणारं नव्हतं पाहिलं. मला तिचा राग आला. खरंच सांगते, तिचाच राग आला.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याची चुलती पुढं आली आणि छाती पिटायला लागली. "पाणी पाजलं ह्यानं! धसका बसलेल्या माणसाला पाणी पाजत असतेत का? काळीज बसलं तिचं!" आणि बघता बघता ते सगळ्यांना पटलं. पटणारच. मरणाला काहीतरी कारण लागतं, आणि दुसरं कारण तिथं कुणाकडंच नव्हतं. बाया एकमेकींना सांगायला लागल्या, पाणी पाजलं, पाणी पाजलं.

मी त्या चुलतीवर अशी ओरडले की तंबूतले कण्हणारेसुद्धा गप झाले. "पाण्यानं माणूस मरतो का हो? कुणी शिकवलं तुम्हाला? एक शब्द बोललात तर बाहेर काढीन!" म्हातारी मागं सरकली.

मग नवरा माझ्याकडं वळला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मग कशानं गेली, बाई?"

मी वाकून तिची साडी धड केली.

त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या कडेला खड्डा घ्यायला माणसं निघाली तेव्हा तो जागचा उठेना. "आत्ताच मातीतनं काढली," तो म्हणत होता, "परत मातीत कशी घालू?" त्याला दोघांनी धरून नेलं. पोर कुणाच्या तरी कडेवर होती. मी तंबूत गेले आणि त्या पोराचा राहिलेला टाका घातला.

कशानं गेली, ते मला काही वर्षांनी कळलं. तोवर मी लातूरला आले होते. एका बांधकामावर भिंत पडली आणि मजूर कमरेपासून खाली अडकला. त्याचे सोबती ढिगारा उपसायला निघाले होते. आमचे तेव्हाचे वरिष्ठ कॅज्युअल्टीतून उठून स्वतः तिथं गेले आणि त्यांनी आधी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, ह्यांना वेड लागलं. त्यांनी अडकलेल्या माणसाच्या हाताला सलाईन लावली, बाटली संपू दिली, दुसरी लावली, आणि मगच विटा काढायला सांगितलं.

परत येताना गाडीत त्यांनी समजावलं. दाबाखाली मांसाचा चेंदा होतो आणि त्यातून पोटॅशियम सुटतं, बाकीही विष सुटतं. वजन अंगावर आहे तोवर रक्त तिकडं फिरत नाही, म्हणून ते सगळं तिथल्या तिथं कोंडून राहतं. माणूस बोलतो, हसतो, पाणी मागतो. वजन उचललं की कोंडलेलं सगळं एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पाडतं. त्यातून वाचला तर मूत्रपिंडं जातात. पाय फुगून टणक होणं, मुंग्या, कोऱ्या चहासारखी लघवी, ही त्याची खूण. म्हणून आधी पाणी चढवायचं, भरपूर, आणि मग दगड काढायचा. पुस्तकात हे होतं. परीक्षेला कधी आलं नाही, एवढंच.

मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे त्यानं पाणी पाजलं, ते बरोबर होतं. त्या अख्ख्या गावात तिच्यासाठी तेवढं एकच बरोबर झालं होतं, आणि त्याचाच आळ त्याच्यावर आला होता. आणि ज्याचा त्याला अभिमान होता, तो दगड. जाऊ दे. तेव्हापासून माझ्या कॅज्युअल्टीत नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात हे घोकून घ्यायला लावलं: आधी सलाईन, मग दगड. ईसीजी काढा, हृदय सावरायला कॅल्शियम हाताशी ठेवा, लघवीचा रंग बघा. आणि जो ओरडत नाही त्याच्याकडं दोनदा जा. पोरं चिडायची, की मॅडम, आता कुठं भूकंप होतोय? मी म्हणायची, विहिरीची दरड कोसळते, उसाची ट्रॉली उलटते, तुम्हाला भूकंपच कशाला लागतो.

मधल्या काळात लातूर बदललं. गल्लोगल्ली क्लास झाले, वर होस्टेलं, खाली मेस, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. उदगीर, नायगाव, अर्धापूर, कुठून कुठून आईबाप पोरांना आणून सोडायचे आणि बस सुटेपर्यंत खिडकीतून बघत राहायचे. परीक्षा जवळ आल्या की माझी कॅज्युअल्टी त्याच पोरांनी भरायची. कुणाला चक्कर, कुणाला धडधड, कुणाच्या हातापायांना बधिरपणा. बहुतेक जागरण आणि उपाशीपण. पण बहुतेक म्हणजे सगळी नाहीत, म्हणून प्रत्येकाची शुगर बघायची, ईसीजी काढायचा आणि मगच रागवायचं.

अशीच एक मुलगी रविवारी आली. क्लासमध्ये खाली पडली होती. तिचा बाप नेमका त्या दिवशी गावाकडून डबा घेऊन भेटायला आला होता, तोच तिला रिक्षातून घेऊन आला. शुगर खाली गेलेली, बाकी सगळं ठीक. तिला ग्लुकोज देऊन मी सुरू झाले. "सकाळपासून काय खाल्लं? काही नाही? डॉक्टर व्हायचंय ना तुला? आधी माणसासारखी जेव तरी! आणि तुम्ही, बाप ना तुम्ही? मार्क विचारता, जेवली का विचारता का कधी?"

तो माणूस माझ्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं, आता भांडणार.

"आवाज वळखला मी, बाई," तो म्हणाला. "आमच्या चुलतीवर असंच वरडला होता तुम्ही."

मी खाटेवरच्या मुलीकडं बघितलं. ती तीच, आईची बांगडी फिरवणारी.

तो स्टुलावर बसला. केस पिकले होते, माणूस वाळला होता. दुसरं लग्न केलं नाही, म्हणाला. आणि मग हळूच, पोरगी ऐकते आहे हे माहीत असून, विचारलं. "लोक अजून म्हणतेत, पाणी पाजलं म्हणून गेली. तुम्ही तवा न्हाई म्हणला होता. आता तर तुम्ही मोठ्या डॉक्टर झालात. पाण्यानंच का ओ?"

"नाही," मी म्हणाले. "पाणी पाजलंत ते अगदी बरोबर केलंत. आम्हीही तेच करतो. सलाईन म्हणजे तरी काय, पाणीच. तुम्ही जे केलं ते डॉक्टरनं करायला पाहिजे होतं."

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, उपरणं तोंडात कोंबून. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरत होता ते. मला वाटलं, चला, एवढं तरी माझ्या हातून झालं.

मग त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग कशानं गेली?"

तोच प्रश्न. आता मला उत्तर येत होतं. माझा आवाज खाली आला तो इथंच. त्याच्या हातांकडं बघितलं, मोठे, घट्टे पडलेले. मी म्हणाले, "आतून मार लागला होता. काहीही केलं असतं तरी वाचली नसती." खोटं. सरळ सरळ खोटं.

"म्हणजे दगड काढला ते..."

"बरं केलंत," मी म्हणाले.

मुलीला मार्क पडले. ती डॉक्टरीला लागली, आणि शेवटच्या वर्षी इंटर्न म्हणून माझ्याच कॅज्युअल्टीत आली. माझ्याच हट्टापायी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात ते सगळं सांगायचं ठरलेलं होतं. ती पुढच्या रांगेत उभी. मी विषय बदलायला बघितला. "मॅडम, ते दगडाचं राहिलं," दुसराच एक पोरगा म्हणाला, वरच्या पोरांकडून ऐकून आलेला, शहाणा मेला. मग सांगावं लागलं. तिच्याकडं न बघता सांगितलं. ती मान खाली घालून लिहून घेत होती.

संपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि दार लावलं. "मॅडम, मला दोन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "पुस्तकात वाचलं तेव्हाच कळलं. तुम्ही अप्पांशी खोटं बोललात ते बरं झालं." तिनं हातातली वही टेबलावर ठेवली. "पण एकदा तरी कुणापुढं तरी मोठ्यानं म्हणायचं होतं मला. माझ्या बापानं तिला वाचवायला दगड काढला, आणि त्यानंच ती गेली. म्हणू कुणापुढं? गावात? होस्टेलमध्ये?" आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ते पोस्टिंग संपायच्या सुमारास तिचा बाप तिला भेटायला आला. ऊन होतं, ओपीडी सुटली होती. ती पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बाहेर आली, तर हा नुसता बघतच राहिला. मला नमस्कार केला. बोलता बोलता त्याची नजर तिच्यावरून हटेना.

"बाई, तुम्ही सांगितलं ते खरंच असंल," तो मला म्हणाला. "पण आता माझी पोरगी डॉक्टर झाली. मी हिला कधी विचारलं न्हाई. म्हणलं, शिकू दे आधी." मग तिच्याकडं वळला. "बाळा, आता तू सांग. तुझ्या मायला काय झालतं? माझ्याकडनं काय चुकलं का?"

मी मध्ये पडणार होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच थांबवलं.

"काही चुकलं नाही, अप्पा," ती म्हणाली. "आतून मार होता तिला."

"आन् दगड?"

"लई चांगलं केलं तुम्ही," ती म्हणाली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. "दगड काढला ते लई चांगलं केलं, अप्पा."